सिडामभाऊंची लोळमोजणी

लक्ष्मण सिडाम या माणसाला मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो जमिनीवर लोळत होता.

लोळत म्हणजे खरोखर लोळत. आधी उताणा, मग उजव्या कुशीवर, मग पालथा, मग डाव्या कुशीवर. साठी उलटलेला माणूस, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा सदरा-पायजमा, आणि बाजारामागच्या एका नव्या लेआऊटमधल्या चुन्याच्या रेघा अंगाने पुसत चाललेला. मी वरोऱ्याहून बदलून येऊन दोनच दिवस झाले होते. आमची नगरपंचायत सिंदेवाहीच्या बाजूची. गावाचं नाव सांगत नाही, कारण मला अजून तिथेच नोकरी करायची आहे. बांधकाम शाखेची लिपिक म्हणून स्थळपाहणीला गेले होते, हातात फाईल होती. मला वाटलं, याला झटका आला. 

"अहो, बघता काय! कांदा आणा कोणी तरी! एकशे आठला फोन लावा!" मी ओरडले.

कोणी हललं नाही. आमच्या नगराध्यक्ष गजभियेताई शांतपणे पदराने वारा घेत होत्या. इंजिनिअर मोबाईल बघत होता. गजभियेताई मला म्हणाल्या, "थांबा बाई. चार झाल्या का उठते थो."

चौथ्या लोळणीला तो माणूस काटेरी तारेच्या खांबाला धडकला. उठून बसला, सदरा झटकला, कपाळावरची माती पुसली आणि लेआऊटच्या मालकाकडे बोट करून म्हणाला, "तीनच बसल्या. चौथीले खांब लागला. नामंजूर."

हे आमचे नगरसेवक. लक्ष्मण सिडाम, बाजार वॉर्ड.

पुढे मला कळलं की हा वेडेपणा नाही, ही पद्धत आहे, आणि तिला गावात नावसुद्धा आहे: लोळमोजणी. सिडामभाऊ आधी सरकारी भूकरमापक होते, म्हणजे जमीन मोजणारे. चंद्रपूर-गडचिरोलीतली निम्मी रानं त्यांनी पायाखाली घातलेली. निवृत्त झाले, निवडून आले, आणि त्यांनी एकच विषय धरून ठेवला. कोणी जमिनीचे प्लॉट पाडले तर नियमाने दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. ती सगळेच सोडतात, पण कुठे? नाल्यात. विजेच्या मोठ्या तारांखाली. तीन रस्ते मिळून उरलेल्या तिकोनी तुकड्यात, जिथे शेळीसुद्धा वळताना मागे-पुढे करते. नकाशावर तेवढ्याला हिरवा रंग देतात आणि आम्ही शिक्का मारतो.

सिडामभाऊंना हिरव्या रंगाचा भयंकर राग. "जागा आहे का फक्त नाव आहे?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते म्हणत, "माणूस आडवा होऊन चार लोळन्या घेऊ शकला पाह्यजे. नाई तं थे मोकळी जागा नाई जी, थे गल्ली आहे."

मला शिस्तीची आवड आहे. फाईलला पानक्रमांक नसला तर मला जेवण जात नाही. अशा बाईच्या नशिबी हा माणूस आला. तपासणी अहवालात मी काय लिहायचं? 'मा. सदस्यांनी लोळून पाहिले असता' असं एकदा मी खरोखर लिहिलं आणि मुख्याधिकाऱ्यांनी मला केबिनमध्ये बोलावून ते खोडायला लावलं. तेव्हापासून मी 'प्रत्यक्ष पाहणी केली असता' लिहिते आणि मनातल्या मनात लाजते.

ते कुठेही गेले की आधी जागा अजमावत. सभागृहात आले की खुर्ची उचलून अशी ठेवत की दोन्ही कोपरं मोकळी राहतील. मग शेजारचा सदस्य अर्धा दारात बसला तरी चालेल. एकदा माझ्या भाड्याच्या खोलीवर चहाला आले. मी कपबशा मांडतेय तोवर हे दारापासून ओट्यापर्यंत पावलं टाकून आले आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "बाई, तुमच्या घरात मोठा दम घेतला का भिंतीले लागते." चहा मात्र त्यांनी अंगणात उभं राहून घेतला. एका लग्नात तर त्यांनी नवरदेवाच्या काकाला सांगितलं की मंडपाच्या खांबांमधून वरात जाईल, पण वरातीला नाचता येणार नाही, सबब मंडप नामंजूर. मंडप हलवला गेला. मी तोंडात बोट घालून बघत राहिले.

आणखी एक खोड होती. सभेत कोणी 'मोकळी जागा' म्हटलं की ते टेबलावर हात आपटत. "आखर म्हना, आखर!"

आखर मला माहीत नव्हता असं नाही. झाडीपट्टीतल्या गावांना असायचाच. गावाच्या कडेची ती जागा, जिथे रोज सकाळी घरोघरची गुरं आणून सोडायची. मग गुरं राखणारा ढोरकी ती सगळी मिळून जंगलात चरायला न्यायचा आणि संध्याकाळी तिथेच आणून सोडायचा. जागा कोणाची नाही आणि सगळ्यांची. पण ठरावाच्या वहीत तो शब्द कसा लिहायचा?

"भाऊ, 'आखर' हा शासकीय शब्द नाही," मी एकदा भर सभेत त्यांना ऐकवलं.

एरवी एका शब्दाला दहा शब्द देणारे सिडामभाऊ त्या दिवशी गप्प बसले. सभा संपेपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. मला वाटलं, चला, जिंकले. किती मूर्ख असतो आपण.

राहायचे बाजारामागे, एका खोलीत, एकटे. बायको गेलेली. मुलगी गडचिरोलीला नर्स, सणाला यायची. त्यांचं मूळ घर आमच्याच हद्दीतल्या टोलीवर होतं. टोली म्हणजे जंगलाला लागून असलेली गोंडांची पंधरा-वीस घरांची वस्ती; गावापासून पायी अर्धा तास. पण सिडामभाऊ तिकडे कधी जात नसत. मोहर्लीपर्यंत जाऊन वाघ पाहणाऱ्या पाहुण्यांची चौकशी करतील, टोलीचं नाव काढणार नाहीत. आमचा शिपाई एकदा सहज म्हणाला की निवडणुकीत वॉर्डातल्या सगळ्या पेट्यांतून त्यांना मतं पडली, फक्त टोलीच्या पेटीत एकही निघालं नाही. टोली बाजार वॉर्डातच येते. एकही नाही? नात्यागोत्याची माणसं तिथे असून? मला ते खरंच वाटेना.

आणि मग मुळेसाहेबांची फाईल आली.

मुळेसाहेब नागपूरचे. टोलीला लागून असलेली चौदा एकर जमीन त्यांनी घ्यायचं ठरवलं होतं. मी फाईल उघडली, नकाशा पसरला आणि मला वाटलं, नकाशा अर्धवटच काढलेला आहे. चौदा एकरांत घरं फक्त अठरा! तीही एका कोपऱ्यातल्या पाच एकरांत. उरलेले नऊ एकर तसेच ठेवायचे: जुनी मोहाची झाडं, मधली बोडी म्हणजे लहानसं तळं, गवत, सगळं जसंच्या तसं. एक झाड तोडायचं नाही. मी नकाशा उलटा करून मागची बाजू बघितली, उरलेली घरं मागे काढली असतील म्हणून. मागे कोरं.

सभागृहात तर भूकंप झाला. "चौदा एकरात अठरा घरं? यात कायी तरी भानगड आहे." "जमिनीखाली कोळसा असन." "नाई तं सोनं." मुळेसाहेब बिचारे समजावत होते की शहरातल्या निवृत्त लोकांना शांतता हवी असते, खिडकीतून नुसतं गवत दिसलं तरी त्यांना बरं वाटतं. एक सदस्य म्हणाले, "गवत पाहाले नागपूरवरून येईन? मंग आमच्या वावरात या, फुकट दाखवतो." सगळे हसले. गजभियेताईंनी मात्र सिडामभाऊंकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. ज्या माणसाने चार लोळण्यांसाठी इतके लेआऊट अडवले, त्याच्या पुढ्यात कोणी नऊ एकर आणून ठेवले होते.

"जागा आहे का फक्त नाव आहे, थे पाहू," ते म्हणाले. आवाज जरा वेगळा वाटला, पण मी लक्ष दिलं नाही.

स्थळपाहणीला आम्ही सगळे गेलो. सोबत एक वनरक्षक दिला होता, कारण त्या बोडीवर वाघाची पावलं उठलेली. मोहाखाली टोलीवरची चार-दोन माणसं उभी होती. त्यांत काठी टेकलेला एक फार म्हातारा माणूस होता. सिडामभाऊ जीपमधून उतरले, त्या म्हाताऱ्याने त्यांना पाहिलं आणि आमच्याकडे सरळ पाठ केली. मला वाईट वाटण्याआधी रागच आला. लोकप्रतिनिधीला ही वागणूक?

सिडामभाऊंनी चपला काढल्या. आजवर कधी काढल्या नव्हत्या. मग आडवे झाले.

वनरक्षक दचकला. "भाऊ, आडवं नका होऊ जी! आडवा माणूस वाघाले जनावरच वाटते!"

"वाटू दे," गवतातून उत्तर आलं. "एक... दोन... तीन..."

चार झाल्या. पाच झाल्या. आठ झाल्या तरी खांब नाही, तार नाही, नाला नाही. पांढरा सदरा गवतात दिसेनासा झाला, फक्त आकडे ऐकू येत होते. "अकरा... बारा..." वनरक्षक घामाघूम होऊन झुडपांवर काठी आपटत होता. मुळेसाहेब मला हळूच विचारत होते, "हे नियमात आहे का?" मी नकाशात डोकं घातलं. मग आकडे थांबले. किती वेळ काहीच ऐकू येईना. आम्ही धावत गेलो, तर हे बोडीच्या काठावर उताणे पडलेले, आभाळाकडे बघत. डोळे लाल.

"कुसळ गेलं डोळ्यात," ते म्हणाले.

दोन्ही डोळ्यांत? पण मी विचारलं नाही. मी अहवाल आधीच मनात लिहून टाकला होता: प्रत्यक्ष पाहणी केली असता जागा मोकळी आढळली. एकमताने मंजूर.

सभा सकाळी अकराला होती. मी ठरावाचा मजकूर आदल्या दिवशीच टाईप करून ठेवलेला. विषय वाचला. मुळेसाहेब हात जोडून हसत उभे. सिडामभाऊ उठले.

"नामंजूर."

माझ्या हातातून पेन पडलं. गजभियेताईंनी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला होता, त्यांना ठसकाच लागला. सगळ्या सभागृहाचं तोंड उघडं.

"अहो भाऊ, काऊन?" ताई कशाबशा म्हणाल्या. "इतक्या वर्षात असा लेआऊट पाह्यला का आपन?"

सिडामभाऊ पुढे आले आणि त्यांनी नकाशावर बोट ठेवलं. चौदा एकरांच्या चारी बाजूंनी एक जाड काळी रेघ होती. मी ती इतक्या वेळा पाहिली होती, पण कडेची रेघ म्हणून सोडून दिली होती. ती भिंत होती. आठ फुटी. टोलीच्या बाजूला एकही दार नाही. गावाच्या बाजूला एक गेट आणि पहारेकरी.

"आखराले गेट नसते," ते म्हणाले.

मुळेसाहेब दुखावले. "सिडामजी, मोकळी जागा पाहिजे असं तुम्हीच म्हणता ना? मी नऊ एकर सोडलेत."

"सोडले नाई जी. कोंडले. टोलीच्या बाया चैतात इथी मोहफूल वेचते. त्याईची ढोरं या बोडीत पानी पेते. उद्या त्याईनं कोनाले इचारावं? तुमच्या वॉचमनले?"

मुळेसाहेबांचं म्हणणंही खोटं नव्हतं. भिंत नसेल तर लोक घरं घेणार नाहीत, असं ते म्हणाले. आणि ते मागे हटले तर जमीनमालकाकडे दुसरं गिऱ्हाईक तयार होतं, जे सगळे मोह तोडून, बोडी बुजवून चौदाच्या चौदा एकरांत लहान लहान प्लॉट पाडणार होतं. तोही अर्ज माझ्याच टेबलावर यायचा होता, नियमात बसणारा, दहा टक्के हिरव्या तिकोनासह. म्हणजे टोलीचा मोह एक तर भिंतीआड जाणार, नाही तर चुलीत. मला पहिल्यांदाच एखाद्या फाईलची भीती वाटली.

मग मुळेसाहेबांच्या सोबतचा वकील उठला. तरुण, हुशार मुलगा. त्याने जुन्या मोजणीच्या नकाशाची प्रत टेबलावर ठेवली. "टोलीच्या हक्काचा प्रश्न येतोच कुठे? या जमिनीवर कोणाचीही वहिवाट नाही. सरकारी मोजणीतच ही जमीन 'पडीक' लिहिली आहे. म्हणून तर ती पुढे एकाच्या नावावर चढली आणि विकली गेली. मोजणारा अधिकारी कोण, तेही वाचा ना मॅडम."

गजभियेताईंनी चष्मा लावला. वाचलं. मग माझ्याकडे कागद सरकवला, जणू मी काही वेगळं वाचेन. खाली निळ्या शाईत, वळणदार अक्षरात सही होती. ल. बा. सिडाम, भूकरमापक.

मला आजही सांगता येणार नाही मला काय वाटलं. ज्या माणसाने आम्हाला जमिनीवर लोळून लोळून लाज आणली, त्यानेच?  एका सदस्याने 'चौकशी' हा शब्द उच्चारला आणि सिडामभाऊंनी मान हलवली.

"माहीच सही आहे," ते म्हणाले. "खोटं लिवलं होतं मी."

ते बसले नाहीत. खुर्चीची पाठ धरून उभे राहिले आणि एरवी टेबल आपटणारा हा माणूस इतक्या हळू बोलू लागला की मागचे सदस्य पुढे येऊन उभे राहिले.

"नवीन नोकरी होती. टोलीची मोजणी मलेच देल्ली. माहा बा टोलीचा ढोरकी. त्याले सारी हद्द पाठ. थो खूश होऊन मोजनीच्या साखळीचं दुसरं टोक धरून फिरला दिवसभर. सांजच्याले मी फॉर्म भराले बसलो. रकान्यात शब्द होते जिरायत, बागायत, पडीक, पोटखराब. आखर कुठीच नोता. मी म्हनलं, काय लिवू? पडीक लिवलं. बा म्हने, काय लिवलं, वाच बापू. मी वाचलं. थो म्हने, रोज सकाळी सारी ढोरं उभी राह्यते इथी. पडीक कशी? मी म्हनलं, बा, आखर सरकारी शब्द नाई."

मी खाली बघितलं. हेच वाक्य मी त्यांना याच सभागृहात, वरच्या पट्टीत ऐकवलं होतं.

"मंग एक दिवस मालक आला, तार ठोकली. ढोरं गोळा कराले जागा राह्यली नाई. निम्म्या लोकाईनं ढोरं इकली. तार पुढं सडून पडली, पन आखर पुन्हा भरला नाई. बा ढोरकी राह्यला नाई. मले थो कायी बोलला नाई जी. मरेपर्यंत नाई बोलला. टोलीबी नाई बोलली. अजून नाई बोलत."

कोणी चौकशीचं नाव पुन्हा काढलं नाही. तो हुशार वकीलसुद्धा नकाशाची घडी घालायची विसरून गेला. मुळेसाहेबांनी टेबलावरच्या नकाशातल्या काळ्या रेघेकडे बघितलं आणि मग अगदी साध्या, घाबरलेल्या माणसासारखं विचारलं, "पण सिडामजी, भिंत नसली तर वाघाचं काय?"

"भिंत तुमच्या अठरा घराईले बांधा ना जी. पक्की बांधा. वाघालेबी बरं, त्याले समजन का आपन कुठी जाऊ नाई."

पहिल्यांदा गजभियेताई हसल्या, मग सगळेच, मग स्वतः मुळेसाहेब. त्यांनी माझ्याकडून लाल पेन मागून घेतलं आणि स्वतःच्या हाताने भिंत खोडून ती पाच एकरांभोवती काढली. उरलेले नऊ एकर कायमचे नगरपंचायतीच्या ताब्यात, सगळ्यांना खुले, एक झाड तोडायचं नाही. घरांच्या खिडक्या तिकडेच उघडतील, मग गवत दिसायला भिंत कशाला, असं तेच म्हणाले. चांगला माणूस. कोणी समजावून सांगायला हवं होतं इतकंच.

ठराव एकमताने मंजूर झाला. ताईंनी विचारलं, "मेश्राम बाई, काय लिवता? मोकळी जागा?"

"आखर," मी म्हणाले. आणि स्वतःच्याच तोंडाकडे बघता आलं असतं तर बघितलं असतं.

पंधरा दिवसांनी वरच्या कार्यालयातून फाईल परत आली. 'ठरावातील आखर या शब्दाचा बोध होत नाही. सदर शब्द अक्षर आहे की अखेर, याचा खुलासा करावा.' अक्षर राखून ठेवणारी नगरपंचायत! मी एरवी असा शब्द गुपचूप बदलून दिला असता. त्या दिवशी मी दीड पान खुलासा लिहिला. गुरं कशी येतात, कुठे उभी राहतात, ढोरकी कोण, संध्याकाळी कोणाची गाय कोणत्या दारात थांबते. सगळं लिहिलं, पानक्रमांकासहित. मुख्याधिकाऱ्यांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत वाचलं आणि सही केली. मंजुरी आली तीत तो शब्द तसाच होता.

ताबा घ्यायला आम्ही चैत्रातल्या एका सकाळी गेलो. मोहफुलांचा सडा पडला होता, सगळ्या रानाला गोडसर वास. टोलीवरच्या बायका टोपल्या घेऊन वेचत होत्या, त्यांनी आम्हाला पाहून हात थांबवले. पुरुष लांब मोहाखाली उभे. तो काठीवाला म्हाताराही होता. सिडामभाऊ आमच्या जीपमागे उभे राहिले, पुढे येईनात.

मी ताबापावती काढली. नगरपंचायतीतर्फे त्यांनीच सही करावी असं ताईंनी ठरवलं होतं. मी कागद आणि पेन पुढे केलं. त्यांनी पेन घेतलं, टोक कागदाला टेकवलं आणि हात तिथेच थांबला. 

"भाऊ, सही करा ना," मी म्हणाले.

"नाई जी," त्यांनी पेन माझ्या हातात परत दिलं. "मी सही केली का जागा जाते. तुमी करा, बाई."

 मी सही केली. माझी सही एरवी घाईची असते; त्या दिवशी पूर्ण नाव लिहिलं. शिक्का मारला. कागद त्यांच्याकडे दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि तिथेच, जीपच्या बाजूला उभं राहून, मान खाली घालून, वाचायला लागले. मोठ्याने नव्हे, स्वतःशीच, पण प्रत्येक शब्द सुटा, शाळेत वाचायला उभं केल्यासारखा. गट क्रमांक. क्षेत्र. चतुःसीमा. जमिनीचा प्रकार, आखर. तिथे ते थांबले. मग शेवटपर्यंत वाचलं.

 मला वाटलं, झालं, आता निघू.

तेवढ्यात मोहाखालून काठी आपटल्याचा आवाज आला. त्या म्हाताऱ्याने तोंड आमच्याकडे केलं होतं.

"आयकू नाई आलं इकडं," तो ओरडला. "जरा जोरानं वाच ना, लक्ष्मन."

सिडामभाऊंनी माझ्याकडे बघितलं, जणू त्यांना परवानगी हवी होती. मग ते जीपच्या आडोशातून बाहेर पडले, पुढे झाले आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून, रडत रडत, जोराने वाचू लागले.